तात्यांचं गजराचं मनगटी घड्याळ : मशीन चालतं, आवाज मात्र गेलाय

जयगडचा

नमस्कार मंडळी,

आमचे तात्या (वडिलांचे थोरले भाऊ) तीस वर्षं बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. गेल्या चैत्रात ते गेले आणि काकूंनी त्यांचं घड्याळ माझ्या हातात दिलं. एडनला घेतलेलं, गजर असलेलं रिस्टवॉच. सेलवालं नाही, चावीचं.

स्टीलची केस, उजवीकडे दोन चाव्या, दोनच्या आकड्याजवळ एक आणि चारच्या आकड्याजवळ दुसरी. खालची चावी वेळेची, वरची गजराची. तबकडीवर तीन काटे आणि चौथा बाणासारखा, लाल टोकाचा, तो गजराचा. नाव इतकं पुसट झालंय की भिंगातूनही वाचता येत नाही. आत मशीनवर मात्र ‘ए.एस. १४७५’ स्वच्छ कोरलेलं आहे.

वेळ बरी दाखवतं, दिवसाला मिनिटभर मागे पडतं. पण गजर लावला की वेळेवर आत थरथर होते आणि आवाज येतो तो काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा. मी लहान असताना याच घड्याळाने अख्खं माजघर जागं व्हायचं. तात्या ते रात्री पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवायचे आणि पहाटे ट्रंक अशी काही कडकडायची की गोठ्यातली म्हैस उठायची.

दोघा कारागिरांना दाखवलं. एक म्हणाला स्प्रिंग दमली. दुसऱ्याने स्प्रिंग बदलून पैसे घेतले, आवाज तिथेच. इथे कोणाला या मशीनची माहिती आहे का? अशी घड्याळं मुळात आली कुठून, तेही वाचायला आवडेल.

टिकटिक_चिपळूण

वा! जपून ठेवा. हे मशीन माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ए.एस. म्हणजे ए. शिल्ड, स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्शेन गावचा कारखाना. हे लोक मशीन बनवून इतरांना विकायचे. १४७५ हे त्यांचं पन्नाशीच्या दशकातलं गजराचं मशीन कितीतरी ब्रँडांच्या केसमध्ये बसलं. ट्यूडरचं १९५७चं ‘अ‍ॅडव्हायझर’ही त्याच्यावरच. मॉस्कोच्या कारखान्याने याच आराखड्यावरून पुढे आपलं २६१२ नंबरचं मशीन काढलं, ते पोल्योत घड्याळांत सापडतं. तुमच्या तबकडीवरचं नाव पुसलं गेलं म्हणून हळहळू नका, खरी ओळख आत शाबूत आहे.

गंमत अशी की गजराचं पहिलं मनगटी घड्याळही ग्रेन्शेनचंच. एटर्नाने १९०८ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १९१४मध्ये घड्याळ लोकांपुढे आणलं. एटर्नाच्या संस्थापकांपैकी एक उर्स शिल्ड आणि ए. शिल्ड काढणारे अडॉल्फ शिल्ड हे सख्खे भाऊ. म्हणजे गजर मनगटावर पहिल्यांदा आणला तो या घराण्याने, आणि स्वस्त करून जगभर पोचवला तोही याच घराण्याने.

मधली तीसेक वर्षं मात्र हा प्रकार फारसा चालला नाही. कारण एकच, आवाज. टेबलावरच्या गजराच्या घड्याळात घंटा बसते, जाड स्प्रिंग बसते. मनगटावरच्या डबीत जागा किती, तर दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी. गजरासाठी वेळेच्या मशीनची ताकद चोरायची नाही, ती दिवसभर पुरायला हवी. आणि जो काही आवाज होईल तो बंद धातूच्या डबीतून बाहेर काढायचा.

हे कोडं १९४७मध्ये वल्केन कंपनीच्या रॉबर्ट डिटिशाइम यांनी सोडवलं. घड्याळाचं नाव ‘क्रिकेट’, म्हणजे आपला रातकिडा. त्यात स्प्रिंगच्या दोन डब्या, एक वेळेची, एक गजराची. चावी एकच, एका दिशेने फिरवली की एक स्प्रिंग भरते, उलट फिरवली की दुसरी. खरी करामत मागच्या बाजूला होती. तिथे दोन झाकणं. आतलं पातळ, पडद्यासारखं थरथरणारं. बाहेरचं भोकं पाडलेलं. हातोडी आतल्या झाकणाला धक्के देते, ते ढोलकीच्या पुडीसारखं वाजतं आणि भोकांतून आवाज बाहेर पडतो. आतलं झाकण अखंड असल्यामुळे पाणी, धूळ आत शिरत नाही. वीस-पंचवीस सेकंद सणसणीत वाजतं. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन निवृत्त होताना छायाचित्रकारांनी त्यांना हे भेट दिलं होतं. आयझेनहॉवर, जॉन्सन, निक्सन यांच्याकडेही होतं.

१९५०मध्ये जेजर-लेकूल्त्रचं ‘मेमोव्हॉक्स’ आलं. त्यात दोन चाव्या, गजरासाठी काट्याऐवजी तबकडीच्या मधोमध फिरणारी चकती. १९५६मध्ये त्यांनीच गजराचं पहिलं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चालणारं, घड्याळ काढलं. जपानमध्ये सिटिझनने १९५८ साली सुरुवात केली. पुढे १९६१मध्ये याच सिटिझनच्या मदतीने आपल्या एचएमटीची घड्याळं बंगळूरला बनू लागली. आपल्याकडे घराघरांत ‘जनता’ पोचलं, पण मनगटावरचा गजर बाहेरदेशी जाणाऱ्या माणसांकडेच दिसायचा. म्हणून कोकणात तो सापडतो. दर चार घरांआड कोणीतरी बोटीवर नाहीतर आखातात.

आता तुमचा प्रश्न. स्प्रिंग दमली असती तर थरथर लवकर थांबली असती, आवाज भुंग्यासारखा झाला नसता. एक करा. मागचं झाकण काढा आणि झाकणाच्या आतल्या अंगाला बघा. तिथे छोटी खुंटी उभी आहे का?

काळबादेवी_मास्तर

सुंदर धागा. मी जीवशास्त्र शिकवायचो, म्हणून रातकिड्याबद्दल दोन शब्द.

डिटिशाइम यांच्या ‘क्रिकेट’मागे पॉल लाँजव्हँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाचं नाव घेतलं जातं. एवढासा किडा लांबवर ऐकू येतो, तर घड्याळातून आवाज निघायला काय हरकत आहे, असं त्यांनी सुचवल्याचं सांगतात. सूचना अगदी नेमकी आहे. रातकिडा घशातून ओरडत नाही. नर एका पंखाच्या दातेरी शिरेवर दुसऱ्या पंखाची कड घासतो आणि पंखांचा पातळ पापुद्रा त्या कंपनाने वाजू लागतो. दाते म्हणजे गजराचं चक्र, पापुद्रा म्हणजे आतलं झाकण.

झाडावरच्या काही रातकिड्यांची तर कमालच आहे. ते पान कुरतडून त्याला स्वतःच्या मापाचं भोक पाडतात, त्या भोकात बसतात आणि पंख पानाच्या पातळीत धरून गातात. पुढे जाणारी आणि मागे जाणारी लाट पंखांच्या कडेवरून एकमेकींना मारते, ते पान मध्ये आल्यामुळे टळतं आणि आवाज मोठा होतो. आपल्या देशातही अशी जात आहे.

तात्यांची ट्रंक म्हणजे हेच पान. लहान वस्तूला हवा पुरेशी ढकलता येत नाही, मोठ्या पत्र्याला येते.

मिरकरवाडा_७

आमच्या बाबांकडे होतं असलं घड्याळ. रशियन, दोन चाव्यांचंच. होडी काढायची तर भरतीवर काढावी लागते, सुकतीला खाडीच्या तोंडाशी गाळात बसते. आणि भरतीची वेळ रोज सरकते, दिवसाला पन्नासेक मिनिटं. त्यामुळे रोजचा एकच गजर आमच्या कामाचा नाही.

बाबांचा हिशेब जुना होता. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, पण होडीला पुरतो. रात्री जेवण झालं की कालनिर्णयकडे बघायचे, तोंडातल्या तोंडात पाऊणपट करायचे आणि गजराचा काटा तेवढा सरकवायचे. आम्हा पोरांना चौथा काटा भरतीचाच वाटायचा. शाळेत मास्तरांच्या घड्याळात तो नाही हे बघून मला खरंच प्रश्न पडला होता की यांना भरती कळते कशी.

होडीवर इंजिनाच्या आवाजात गजर काय ऐकू येणार? पण मनगटाला कळायचा. बाबा म्हणायचे, हाडाला कळतो.

जयगडचा

सगळ्यांचे आभार. मिरकरवाडा, पाऊणपट तात्याही करायचे, आज कितीतरी वर्षांनी आठवली.

टिकटिक, झाकण उघडलं. आतून सपाट, आरशासारखं गुळगुळीत. खुंटी नाही.

आईला विचारलं तर ती म्हणाली, “या घड्याळाच्या पाठीला चाळणीसारखी भोकं होती की. मला वाटायचं पाणी निथळायला असतील.” आता पाठीला एकही भोक नाही. मग काकूंना फोन केला. वीसेक वर्षांपूर्वी तात्या पावसाळ्यात घड्याळ घालून होडीत गेले होते आणि आत पाणी शिरलं. तालुक्याच्या गावी एका कारागिराने मशीन धुऊन दिलं आणि “पाठीचं झाकण खाल्लंय, नवीन बसवतो” म्हणून दुसरं बसवलं. त्यानंतर तात्यांनी गजर लावणं सोडलं. वय झालं, ऐकू कमी येतं, असं ते स्वतःबद्दलच म्हणायचे.

हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. कान ठीक होते त्यांचे.

टिकटिक_चिपळूण

सापडलं! आणि तात्यांबद्दल वाचून मलाही वाईट वाटलं.

या मशीनमध्ये घंटा नाही. गजराच्या डबीतली स्प्रिंग सुटली की ती एक दातेरी चक्र फिरवते, चक्राचे दाते हातोडीच्या दांडीला इकडून तिकडे हलवतात आणि हातोडी सेकंदाला कितीतरी वेळा डोलते. ती डोलते झाकणाला समांतर. झाकणातून खाली आलेली खुंटी तिच्या वाटेत उभी असते, ती त्या खुंटीला मारते आणि सगळं झाकण थरथरतं. मेमोव्हॉक्समध्येही हीच युक्ती. खुंटी नसेल तर हातोडी हवेत हलत राहते. तुम्हाला ऐकू येतो तो चक्राच्या दात्यांचा आवाज. तोच तुमचा भुंगा.

तुमचं जुनं झाकण दुहेरी होतं हे आईंच्या चाळणीवरून नक्की झालं. खारं पाणी दोन झाकणांच्या फटीत अडकलं की तिथून हलत नाही, आणि अशा फटीतच स्टेनलेस स्टीलला खड्डे पडतात. कारागिराने साधं झाकण दाबून बसवलं, ते बसलंही. वेळ चालू म्हणजे घड्याळ बरं झालं असं धरून दिलं. गजर एकदा वाजवून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं. याचा मला राग येतो. चार चाव्यांचं घड्याळ असो की दोन, जे जे हलतं ते ते तपासून द्यायला हवं.

आवाज बाहेर काढायचा आणि पाणी आत घ्यायचं नाही, हा झगडा या घड्याळांच्या पाचवीलाच पुजलेला. पाण्यात बुड्या मारणाऱ्यांच्या घड्याळात तर तो टोकाला गेला. १९५९मध्ये मेमोव्हॉक्सचं ‘डीप सी’ आलं, पाण्याखाली वर यायची वेळ झाली हे सांगायला. १९६१मध्ये वल्केनचं ‘क्रिकेट नॉटिकल’. त्याच्या तबकडीवर वर येताना कुठे किती थांबायचं याचा तक्ता छापलेला असे. आणि १९६८चं मेमोव्हॉक्सचंच ‘पोलारिस’: त्याच्या बाहेरच्या झाकणाला सोळा भोकं. रबरी पोशाखावर घड्याळ घट्ट बांधलं की पाठ दबते आणि आवाज मरतो, म्हणून वाजणारं झाकण आत आणि त्याला सांभाळणारं भोकांचं झाकण बाहेर. तारकर्लीला पाण्यात उतरणाऱ्यांनी कल्पना करा, कानात फक्त बुडबुड्यांचा आवाज आणि मनगटावर एकदम करकर.

देवबागकार

माझ्या आज्याकडे पण असला घड्याळ होता. गजर झालो की आमचो कुत्रो भुकूक लागायचो. आजो घड्याळ पितळेच्या ताटात ठेवायचो, मगे काय विचारतास!

बानू_दापोली

मी वडिलांच्या घड्याळाबद्दल लिहिते. ते कुवेतला होते. १९७०च्या सुमारास त्यांनी सेको ‘बेल-मॅटिक’ घेतलं. वार, तारीख, ऑटोमॅटिक आणि गजर, सगळं एकात. सेकोने ते १९६६-६७च्या सुमारास आणलं होतं. तबकडीच्या कडेने एक आतली कडी फिरते, तिच्यावरच्या खुणेने गजर लावायचा. दोनच्या आकड्याजवळ बटण, ओढलं की गजर तयार, दाबलं की गप्प.

सुट्टीवर रमजानला घरी आले की सहरीला तेच उठवायचे. पण एक फसगत नेहमी व्हायची. घड्याळ हाताच्या हालचालीने आपोआप चालतं, गजराची स्प्रिंग मात्र हातानेच भरावी लागते. ते विसरलं की वेळ बरोबर आणि गजर मुका. म्हणून अम्मी रात्री भांडी आवरताना ओरडून विचारायची, “चावी दिलीत का?” अजूनही घर बंद करताना आमच्यात कोणी कुलपाबद्दल “चावी दिलीस का” म्हटलं की मला ते घड्याळ आठवतं.

हे घड्याळ चालू आहे. गजर थोडा भसाडा झालाय, पण आहे.

शिरगाव_संजू

एक शंका. माझ्याकडे असलंच जुनं घड्याळ आहे. पाचला लावलं तर कधी चार पंचावन्नला वाजतं, कधी पाच वाजून सात मिनिटांनी. दुरुस्त होईल का?

टिकटिक_चिपळूण

संजू, हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. गजर मिनिटकाट्यावर नाही, तासकाट्याच्या चक्रावर सुटतो. गजराच्या चक्राला खाच असते, तासाच्या चक्राला तिच्या मापाचा उंचवटा. दोन्ही समोरासमोर आले की खालची स्प्रिंग चक्राला केसभर वर ढकलते, उंचवटा खाचेत बसतो आणि हातोडीची कडी सुटते.

आता हिशेब बघा. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो. पाच मिनिटं म्हणजे अडीच अंश. तबकडीच्या मध्यापासून १० मिलिमीटरवर गजराच्या काट्याचं टोक असेल, तर तिथे एका तासाला साधारण ५.२ मिलिमीटर जागा मिळते. दहा मिनिटांना एक मिलिमीटरसुद्धा नाही. काटा लावताना डोळा तेवढा चुकतोच. पाच-सात मिनिटांची चूकभूल धरायची आणि गरजेच्या वेळेआधी लावायचं. ओमेगाने १९६९मध्ये ‘मेमोमॅटिक’ काढलं, त्यात तासाची आणि मिनिटाची अशा दोन चकत्या देऊन मिनिटावर गजर लावायची सोय केली. सुंदर काम आहे ते, पण गुंतागुंतीचं.

आणखी एक. चक्र बारा तासांचं असल्यामुळे पहाटे पाच आणि संध्याकाळी पाच त्याला सारखेच. रात्री उशिरा चावी ओढायची, काम झालं की दाबायची.

फोंडाघाट_इलेक्ट्रॉनिक्स

मास्तरांनी लाँजव्हँ यांचं नाव काढलं म्हणून लिहितो. हे तेच लाँजव्हँ ज्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्‌झच्या चकत्या पोलादी पट्ट्यांत बसवून पाण्यात आवाज सोडला. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवरचं मासे दाखवणारं यंत्र त्याच वंशातलं.

आणि गजराच्या चावीच्या घड्याळांना संपवलं ते क्वार्ट्‌झनेच. २५ डिसेंबर १९६९ला क्वार्ट्‌झवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ, सेकोचं ‘अ‍ॅस्ट्रॉन’ आलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वस्त डिजिटल घड्याळांत गजर फुकट मिळू लागला. पण एखादं जुनं कॅसिओ उघडून बघा. वाजणारी पातळ चकती मागच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते, मशीनमधून एक बारीक स्प्रिंग तिला टेकते. वीज दिली की चकती वाकते आणि झाकण वाजतं. हातोडी गेली, खुंटी गेली, पाठ वाजवायची कल्पना तशीच राहिली. मी असंख्य घड्याळं उघडली आहेत, “सेल बदलल्यावर टूं टूं बंद झालं” म्हणून येणाऱ्यांतली बरीचशी ती स्प्रिंग हरवलेली असतात. तात्यांच्या घड्याळाचंच दुखणं.

जयगडचा

मंडळी, काम झालं. सविस्तर लिहितो, कोणाला उपयोग होईल.

जुनं दुहेरी झाकण मिळणं कठीण होतं. टिकटिकशी फोनवर बोलून ठरवलं की आहे त्याच झाकणाला खुंटी बसवायची. रत्नागिरीत एका वयस्कर घड्याळवाल्यांनी काम अंगावर घेतलं. पहिला प्रश्न, खुंटी नेमकी कुठे? झाकण बंद केल्यावर आतलं दिसत नाही. त्यांच्याकडे धूळ टिपायचा हिरवट चिकट गोळा असतो, त्याचा तांदळाएवढा तुकडा त्यांनी झाकणाच्या आत लावला. झाकणाच्या कडेवर आणि केसवर सुईने एकेक रेघ ओढून दोन्ही जुळवल्या, झाकण दाबलं, गजर सोडला, झाकण काढलं. हातोडीने तुकड्यावर ओरखडा काढला होता. दोनदा तुकडा सरकवून तिसऱ्या वेळी जागा सापडली. मी स्टुलावर बसून श्वास धरून बघत होतो.

मग शेजारच्या सोनाराकडे. त्यांच्याकडे दागिन्यांचं लेझर वेल्डिंग आहे. स्टीलच्या तारेचा तुकडा त्या जागी उभा जोडला. पहिल्या वेळी खुंटी उंच झाली आणि मशीनला टेकली. घड्याळवाल्यांनी ती पॉलिश कागदावर घासली, बसवली, ऐकलं, परत घासली. असं पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी कानाशी धरून फक्त मान हलवायचे.

शेवटी त्यांनी घड्याळ माझ्याकडे न देता काउंटरच्या काचेवर ठेवलं. गजर सुटला आणि सगळी काच वाजली. रस्त्यावरचे दोघे आत डोकावले.

घरी ट्रंक अजून आहे. रात्री चावी भरली, काटा साडेचारच्या जरा अलीकडे लावला. चार एकोणतीसला आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, अंथरुणातून उठून. काही बोलली नाही, गजर संपेपर्यंत उभी राहिली. पंधरा सेकंद. मग चूल पेटवायला गेली.

टिकटिक_चिपळूण

पंधरा सेकंद म्हणजे स्प्रिंग उत्तम. त्या घड्याळवाल्यांना माझा नमस्कार सांगा. रेघा जुळवूनच झाकण बसवायचं हे एका चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा, पुढच्या कारागिराला कळायला हवं. हातावर बांधल्यावर आवाज दबेल, तुमचं झाकण आता एकेरी आहे, ते कातडीला टेकतं. ट्रंकेवर पूर्ण वाजेल.

चाव्यांच्या नळीतली रबरी रिंग बदलली का? पावसाच्या आधी बदला.

जयगडचा

झाकणाची बदलली. चाव्यांच्या दोन्ही राहिल्यात, मापाची रिंग मागवली आहे. तोवर होडीत नेणार नाही.